वरणाचं पाणी

हरभरे ताटात पडले ते खडखडत.

मामंजींनी त्यांतला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, जरा वेळ नेटानं प्रयत्न करून पाहिला आणि पुन्हा बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "ह्ये जेवायला वाढलंय का गोफणीला?"

मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. रात्रभर भिजवलेले हरभरे, नेहमीपेक्षा जास्तीच्या शिट्ट्या, वर वाफ जिरेपर्यंत धरलेला धीर, एवढं सगळं करून ही गत. चुलीपुढं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ठेचा वाढ त्यास्नी," एवढंच त्या म्हणाल्या.

मी लग्न होऊन सोलापुरातून बोरटेकला आले त्याला तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. आता मला सुना आल्या आहेत, पण तो कुकर आणि त्याच्यापायी मी रडून भिजवलेल्या उशा मला अजून आठवतात. कुकर माझ्या मामानं दिलेला. मामा गिरणीत कामाला होता. भाचीच्या लग्नात काहीतरी ठसठशीत द्यायचं म्हणून त्यानं तो घेतला आणि त्याला झेंडूचा हार घालून रुखवतात मधोमध मांडला. वऱ्हाडातल्या बायका साड्या सोडून त्याच्याकडेच बघत होत्या. बोरटेकात तोवर कुकर एकाच घरात होता, गुलाब अण्णांच्या. हा दुसरा.

आणि त्या कुकराचा सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल तर मामंजींना. त्याचं कारण मला आल्या आल्याच कळलं, कारण ते त्यांनीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

आमच्या रानात बोअर होती, पाणीही भरपूर होतं, पण मचूळ. साबणाला फेस यायचा नाही आणि त्या पाण्यात डाळ म्हणून शिजायची नाही. तूर काय, हुलगे काय, पावटे काय, दिवसभर जाळ घातला तरी दाणा दाणाच राहायचा. गोडं पाणी होतं ते जुन्या विहिरीचं. ती वाटणीत धाकट्या भावाकडं, भगवानरावांकडं गेलेली. पुढं बांधावरच्या लिंबाच्या फांद्या कुणी तोडल्या यावरून दोघा भावांत जुंपली आणि चार वर्षं झाली, बोलणं बंद. तरी स्वयंपाकाला पाणी मागणाऱ्या बाईला नाही म्हणायचं नसतं, ही तिकडची रीत. भगवानराव ती पाळत. त्यामुळं आत्याबाई रोज दुपारी उन्हं कलली की बांधावरच्या वाटेनं जाऊन विहिरीची एक घागर आणायच्या. तिला घरात नावच होतं, वरणाचं पाणी.

ते वरण मामंजी खायचे, पण प्रत्येक घासाला त्यांचा अपमान व्हायचा. भावाशी उभा दावा आणि डाळ शिजायला त्याचंच पाणी! म्हणून कुकर घरात आला त्याच संध्याकाळी ते पारावर जाऊन सांगून आले, की आता बोअरच्या पाण्यात दगडसुद्धा शिजंल, त्या हिरीच्या थेंबाची आपल्याला गरज न्हाई. एकदा का कुकर लागू झाला, की बांधावरच्या वाटेवर बाभळीच्या काट्या लावून ती बंद करायची, हेही त्यांनी तिथंच ठरवलं. काट्या तोडून गोठ्यामागं रचून ठेवल्यासुद्धा.

आणि कुकर काही लागू होईना.

माझे यजमान दिगंबर एसटीत चालक. सुट्टीला घरी यायचे तेव्हा मी त्यांच्यापाशी रडायची. ते म्हणाले, "रबर ढिलं असंल." नवं रबर आणलं. मग म्हणाले, "शिट्टी हलकी असंल." शिट्टी बदलली. माझ्या आईकडं असलाच कुकर होता, त्यात सगळं कसं मऊसूत व्हायचं. इथं शिट्ट्या ऐकून शेजारच्या बायका हसायच्या. "आलं बघा इंजिन," म्हणायच्या, "डबं मोकळंच हाईत." मामंजी तर एकदा स्पष्टच बोलले, "तुज्या मामाला दुकानदारानं फसीवलं. का मामानंच स्वस्तातलं बघून घेतलं?"

मला काहीही म्हणा, पण माझ्या मामाचं नाव घेतलेलं मला सोसायचं नाही. त्या माणसानं स्वतःच्या मुलीच्या आधी माझं बघितलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात कुकर घासायला बसले. बुडाचा लेप खरवडला, आतून राख फिरवली, आणि बोटाला काहीतरी गुळगुळीत लागलं. काढून पाहिलं तर चिंचोका.

मी शहरातली असले तरी एवढं मलाही माहीत होतं, की डाळ शिजायच्या आत तिच्यात चिंच पडली की ती शिजत नाही. म्हणून तर आमटीला चिंच मागाहून लावतात. मी आमटीला चिंच लावली होती ती पातेल्यात. कुकरात नाही. त्या आमटीच्या आंबटपणामुळंच मला आजवर शंका आली नव्हती. आणि त्या घरात स्वयंपाकाला हात लावणाऱ्या बायका दोनच होत्या.

डोक्यात अशी तिडीक गेली! वाटलं, चिंचोका नेऊन मामंजींच्या पुढ्यात टाकावा. गोड बोलतात, डोक्याला तेल लावून देतात, आणि पाठीमागं हे धंदे. सासू ती सासूच. पण पुरावा काय, एक चिंचोका? म्हणून मी एक दिवस दम धरला.

दुसऱ्या सकाळी मटकी कुकरात घातली, पाणी घातलं आणि सरपण आणते म्हणून बाहेर पडले. बाहेर पडले ती खिडकीपाशी थांबले. आत्याबाईंनी दाराकडं एकदा पाहिलं. मडक्यातून चिंचेचा लिंबाएवढा गोळा काढला, बोटांनी पिंजला, कुकरात सोडला, पळीनं खाली ढकलला आणि झाकण लावून शिट्टी ठेवली. मग पदराला हात पुसून पुन्हा भाकरीला बसल्या. चेहऱ्यावर काही नाही. मिठाची चिमूट घालावी तितक्या सहज.

मी सरपण घेऊन आत गेले. म्हटलं, आज दुपारी पाण्याला जातील तेव्हा वाटेत एकटीच गाठते, आणि मामंजींच्या माघारी काय विचारायचं ते विचारते.

त्या घागर घेऊन निघाल्या, मी दुसरी कळशी घेऊन मागं. बांधावर त्यांना माझी चाहूल लागली.

"तू कशाला आलीस गं?"

"सहज. एका घागरीनं काय होतंय?"

त्या घुटमळल्या. परत फिरायला सांगणार असं वाटलं. मग काय मनात आलं कोण जाणे, म्हणाल्या, "चल. पर हितलं तितं बोलायचं न्हाई."

विहिरीच्या कठड्यावर एक बाई बसली होती. हौसाबाई, भगवानरावांची बायको. मी तिला लग्नात लांबून पाहिलं होतं, जेवायच्या पंगतीलासुद्धा ती थांबली नव्हती. आता जवळून पाहिलं आणि मी दचकले. तेच नाक, तीच हनुवटी, तोच डावा खांदा जरा उंच. आत्याबाईच, दहा वर्षांनी लहान.

"ही कशापायी?" हौसाबाई उठूनच उभी राहिली.

"आली मागनं. असूं दे. घरचीच हाय."

मग त्या दोघी पाणी काढू लागल्या. हौसाबाईनं पोहरा सोडला, आत्याबाईंनी दोर धरला. आणि दोर ओढता ओढता त्या बोलत होत्या. काय बोलत होत्या? काहीच नाही. दाढ दुखायची राहिली का. लवंग धरली व्हतीस का. म्हस आटली. कोंबडीनं अंडी कुठं घातली ते सापडेना. आबाचं सपान पडलं व्हतं, तुला पडलं का? पोहरा वर आला. हौसाबाईनं तो कठड्यावर टेकवला आणि घागरीत न ओतता पुन्हा विहिरीतच उपडा केला. पुन्हा सोडला. पुन्हा ओढला. पुन्हा उपडा केला.

मी आ वासून बघत होते. पलीकडच्या रानात भगवानराव कुळवत होते. अलीकडं आमच्या खळ्यावर मामंजी होते. दोघांनाही लांबून एवढंच दिसत असणार, की बायका पाणी काढताहेत.

एकदा आत्याबाईंनी हौसाबाईचं तोंड उजेडाकडं फिरवून, हनुवटी धरून दाढ बघितली. एवढी मोठी बाई, पण लहान पोरीसारखी तोंड उघडून उभी राहिली. मग अगदी शेवटी घागर भरली, माझी कळशी भरली आणि आम्ही निघालो. हौसाबाई कठड्याला धरून आम्ही बांध ओलांडेपर्यंत उभी होती.

अर्ध्या वाटेत मी कमरेला खोचून ठेवलेला चिंचोका काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

आत्याबाईंनी चिंचोका पाहिला. त्या चिडल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत.

"काढून टाकते की गं मी चिंचोकं," त्या म्हणाल्या. "ह्यो ऱ्हायला. डोळ्यानं दिसत न्हाई आता."

"ती बहीण आहे तुमची?"

"पाठची. आई मेली तवा रांगत व्हती. मीच वाढीवली. माजं लगीन झालं तशी रोज माज्या वाटंकडं बघत बसायची म्हनं. म्हनून मीच दिराला करून आणली. म्हनलं, एका घरात ऱ्हाऊ, मरूस्तवर ताटातूट नको." त्यांनी घागर दुसऱ्या कडेवर घेतली. "आन् ह्या दोघा भावांनी भांडून घेतलं. ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली, त्या घरात पाय टाकायचा न्हाई. त्यांनी तिला घातली. बाजारात दिसली तरी मान फिरवायची, देवळात दिसली तरी फिरवायची. ऱ्हायली ती हीर."

"मग मला सांगायचं ना, आत्याबाई. मी रडून रडून..."

"काय सांगायचं? नव्या सुनंला घरातली उणी काढून दाखवायची व्हय? तुजं हाल मला दिसत व्हतं, पोरी. जीव तुटायचा. पर कुकर शिजाय लागला, की वाट बंद. मग मी काय करावं, तूच सांग."

त्या दिवसापासून कुकरात चिंच मी घालू लागले. चिंचोके नीट काढून. गावात माझं नाव 'इंजिनवाली' पडलं ते पडलंच, पण आता शिट्टी झाली की आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नसू. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

हे असंच चाललं असतं. पण गुलाब अण्णांनी मामंजींना पारावर डिवचलं.

"कुकर कधी चुकत न्हाई, बाई चुकती," अण्णा म्हणाले. "माज्या घरी एवढी वर्सं हाय. उद्या माज्याम्होरं लावाय सांग. काय ते दाखवतो."

मामंजी घरी येऊन म्हणाले, "उद्या सकाळी पावटं लावायचं. बोअरच्या पाण्यात. मी आन् अण्णा हितं उंबऱ्यावर बसणार. शिजलं तर दुपारी काट्या लावतो. न्हाई शिजलं तर ह्ये भांडं मोडीत घालतो, आन् तुज्या मामाला निरोप धाडतो, की बाबा, तुजं खोटं नाणं तुला परत."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या वाती वळत होत्या.

रात्री पावटे भिजत घातले. मी हळूच म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. मी घालीन."

"आन् तुजा मामा?"

"मामाला कळलं तर तो हसेल." हे खोटं होतं. मामा हसणारा माणूस नव्हता. तो मनाला लावून घेणारा होता.

आत्याबाईंनी पावट्यांवर ताट झाकलं.

सकाळी दोघं म्हातारे उंबऱ्यावर येऊन बसले, तमाशाला बसावं तसे. अण्णांनी पावटे बघितले, पाणी किती ते बोट घालून बघितलं, रबर ओढून बघितलं. "समदं ठीक हाय," म्हणाले. मी कुकर चुलीवर ठेवला. झाकण घ्यायला त्यांच्याकडं पाठ करून वळले. चिंचेचा गोळा माझ्या मुठीत तयार होता.

कुकरावर हात नेला तेवढ्यात मनगट कुणीतरी घट्ट धरलं. आत्याबाई.

"नको," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"अहो, पण हौसामावशी..."

"चारचौघांत तुज्या म्हायेरचं नाव जाणार. माज्यापायी न्हाई जायचं."

"काय कुजबुजताय गं?" मामंजी ओरडले.

आत्याबाईंनी माझ्या मुठीतून गोळा काढून घेतला. लपवायला जागा नव्हती, अण्णा तर मान वाकडी करून बघत होते. त्यांनी तो सरळ तोंडात टाकला आणि झाकण लावलं.

मग सगळे शिट्टीची वाट बघत बसलो. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, गाल फुगलेला, तोंडातून शब्द निघत नव्हता. पहिली शिट्टी झाली. अण्णा म्हणाले, "आवाज बरा हाय." दुसरी झाली. देवाला काय मागावं तेच कळेना. शिजू दे म्हणावं तर ती विहिरीवरची बाई डोळ्यांपुढं येई, आणि नको म्हणावं तर मामा.

जाळ ओढला, वाफ जिरली, झाकण काढलं. अण्णांनी पुढं होऊन पळीभर पावटे घेतले, एक दाणा दोन बोटांत धरला आणि नुसता दाबला. त्याचं पीठ झालं.

"लोणी!" अण्णा म्हणाले. "रंगनाथ, लोणी झालंय नुसतं. म्हनलं न्हवतं? सूनबाई, तुज्या मामानं एक नंबर वस्तू दिली बघ."

मामंजींचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी भावाच्या पाण्याचं ओझं उतरलं होतं. "वाढ," ते म्हणाले. "दोघास्नी वाढ. जेवतो आन् लगीच काट्या लावतो."

मी फोडणी घातली, ताटं वाढली. आत्याबाई भाकरी द्यायला उठल्या. चिंच कधीच गिळून झाली होती.

"चल गं, तू बी घे खाऊन," मामंजी त्यांना म्हणाले, "आता दुपारची तंगडतोड सुटली तुजी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "लावा काट्या. आता काय काम हाय माजं तिकडं?"

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. पण भाकरी ताटात ठेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थेट भाकरीवर. त्यांनी घाईनं पदर लावला. "धूर गेला डोळ्यात," म्हणाल्या.

चुलीत नुसते निखारे होते, धूर नव्हताच. मामंजींनी चुलीकडं बघितलं. मग आत्याबाईंकडं बघितलं. वाटणी झाली त्या दिवशी दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या होत्या, त्यानंतर ह्या बाईच्या डोळ्यांत पाणी म्हणून दिसलं नव्हतं, असं पुढं दिगंबरनी मला सांगितलं. मामंजींना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. मग त्यांची नजर त्या ओल्या भाकरीवर आली. नंतर त्यांनी तिचाच तुकडा मोडला, त्यात पावटे घेतले, तोंडात घातले आणि चावू लागले. चावतच राहिले. जबडा असा हलत होता, जसा काही खडा फोडताहेत.

"कच्चं हाय," ते म्हणाले.

अण्णांचा घास हातातच राहिला. "कच्चं? आरं, जिभंवर इरघळतंय!"

"तुला दात न्हाईत, अण्णा. तुला काय कळतंय? कच्चं हाय."

"रंगनाथ, शुद्धीवर हाईस न्हवं?"

"मी म्हनतो न्हवं कच्चं हाय! माज्या घरचं कालवण हाय, मला कळंना व्हय?" मामंजींचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, भांडं चांगलं हाय. तुज्या मामाला बोल न्हाई. दोष पाण्याचा. ह्या बोअरच्या पाण्यात काय शिजायचं न्हाई, कुकर असूं दे न्हाईतर कुकराचा बा."

मग आत्याबाईंकडं न बघता, ताटाकडं बघत ते म्हणाले, "तू आपली जात जा हिरीवर. घाई करत जाऊ नगं. पाणी निवळ बघून भरावं लागतंय. येळ लागंल तेवढा लागू दे."

आत्याबाई हातात पुढची भाकरी घेऊन उभ्याच होत्या.

अण्णांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा मामंजींकडं. म्हातारा तसा पारावरचा बडबड्या, पण बुद्धीनं कमी नव्हता. त्यानं हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली.

"हाय खरं," तो म्हणाला. "जरासं कच्चंच लागतंय."

"मग!" मामंजी म्हणाले, आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. "वाढ अजून."